धरमपेठेत बसायला जागा : कॅफे, बाजार आणि एक साडीचं दुकान

नागपूरच्या धरमपेठेत कॉफी प्यायला जायचं असेल तर शनिवार-रविवार सोडा आणि दुपारी अडीच ते साडेचारच्या मधे जा. सकाळी लवकर गेलात तर बऱ्याच ठिकाणी अजून खुर्च्या पुसणं चालू असतं. पाचनंतर कॉलेजची पोरं येतात, सातनंतर घरंच्या घरं येतात आणि मग दाराशी नाव सांगून उभं राहावं लागतं. दुपारी मात्र खिडकीजवळचं टेबल मिळतं, काउंटरमागच्या मुलाला दोन शब्द बोलायला वेळ असतो आणि त्याच्या हातची कॉफीही त्या वेळी बरी उतरते.

हे सगळं मला कामामुळे कळलं. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणं भरते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या (या विवरणं भरायच्या शेवटच्या तारखा) आधीचे दिवस घरी बसून काम होत नाही, कारण घरात कुकर असतो, बेल असते आणि "आता घरीच आहेस ना" म्हणून येणारे फोन असतात. म्हणून लॅपटॉप पाठीवर टाकून निघते. मनीषनगरहून जयप्रकाशनगरला मेट्रो पकडायची, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि अ‍ॅक्वा लाइननं शंकरनगर चौकात उतरायचं. तिथून वेस्ट हायकोर्ट रोडनं लॉ कॉलेज चौकाच्या दिशेनं चालत जायचं. लक्ष्मीभुवन चौक, कॉफी हाऊस चौक, मधल्या गल्ल्या, एका बाजूला गोकुळपेठेचा बाजार: नागपुरातलं सगळं नवं खाणंपिणं आणि घालणं-मिरवणं या एवढ्या भागात एकवटलंय. गाडी आणू नका. दुचाकी लावायलाही इथे संध्याकाळी दोन-दोन चकरा माराव्या लागतात.

कॅफेंची नावं मी मुद्दाम देत नाही. इथे पाट्या फार लवकर बदलतात. गेल्या दिवाळीत जिथे पास्ता मिळत होता तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. जागा तेवढ्या टिकतात, म्हणून जागांबद्दलच लिहिते.

सगळ्यात आधी बंगला. धरमपेठेच्या आतल्या गल्लीत, मुख्य रस्त्यापासून एक वळण आत, जुनं दुमजली घर आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर कॅफे आहे. पोर्चच्या खांबांना गिट्टीचा खडबडीत गिलावा, व्हरांड्याला लोखंडी जाळी, खाली लाल-पिवळ्या चिप्सची मोझॅकची फरशी आणि अंगणात कडुनिंब. या मुलांनी (तिशीतले तिघं जण मिळून चालवतात) घराला जवळजवळ हात लावलेला नाही. भिंती पांढऱ्या केल्या, जुने दिवाण दुरुस्त करून त्यांवर गाद्या टाकल्या, स्वयंपाकघराची मधली भिंत काढून काउंटर केला. देवघराचा कोनाडा तसाच ठेवलाय आणि त्यात साखरेच्या पुड्या किंवा मेन्यू कार्डं ठेवलेली नाहीत, एक पणती आहे. या एका गोष्टीसाठी मला ही मुलं आवडली.

या भागातले असे बंगले गेली वीस वर्षं एकामागून एक पडताना मी बघतेय. प्लॉट मोठे, म्हातारे आईवडील खाली, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. मग बिल्डर येतो आणि चार मजले उभे राहतात. ज्या घराचा खालचा मजला भाड्यानं जातो ते घर निदान काही वर्षं तरी राहतं. वरच्या मजल्यावर घराच्या मालकीणबाई राहतात. दुपारी चारला त्या जिन्यानं खाली येतात, व्हरांड्याच्या टोकाच्या खुर्चीवर बसतात, आणि त्यांच्यासाठी न सांगता आल्याचा चहा येतो. मेन्यूवर आल्याचा चहा नाही.

कॉफी चांगली आहे. कॅपुचिनो एकशे नव्वद, दाणे चिकमंगळूरचे, दूध जाळलेलं नसतं आणि कप गरम करून देतात. मागच्या वेळी मी त्या मुलांना विचारलं की चिखलदऱ्याची कॉफी मिळाली तर ठेवाल का. आपल्या मेळघाटात, अमरावती जिल्ह्यात, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत; महाराष्ट्रात कॉफी होते ती मुख्यतः तिथेच. पीक फार थोडं. मुलगा म्हणाला, "ताई, आणली होती एकदा, लोकांना पुन्हा पाहिजे होती पण पुन्हा मिळालीच नाही." आणली होती हेही मला खूप वाटलं. केळ्याचा केक मात्र घेऊ नका, कोरडा असतो. त्याऐवजी सँडविच घ्या, त्यात ते हिरवी चटणी सांबाराची भरपूर लावतात. (पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी: आमचा सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर.)

आता मुख्य गोष्ट. या कॅफेत मी एक कॉफी आणि एक सँडविच घेऊन तीन-साडेतीन तास बसते आणि कुणी येऊन "आणखी काही?" असं त्या विशिष्ट आवाजात विचारत नाही. पाण्याचा जग टेबलावर असतो, रिकामा झाला की भरून जातो. हे वाचून एखाद्याला वाटेल की त्यात काय एवढं. नागपुरात पुरुषाला बसायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक चौकात चहाचा ठेला आहे, पानठेला आहे, त्याच्या बाजूला सिमेंटचा ओटा आहे. तिथे तो एक कटिंग नाहीतर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घेऊन तासभर उभा राहतो, बसतो, फोन करतो, कुणी बघत नाही. एकटी बाई कुठे बसेल? देवळात, बागेत अंधार पडेपर्यंत, किंवा दवाखान्यात नंबर लावून. माझ्या आईला पूर्ण आयुष्यात घराबाहेर एकटीनं निवांत बसायला जागा नव्हती आणि तिनं ती कधी मागितलीही नाही. आज या व्हरांड्यात दुपारी बघा: एक मुलगी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन, एक बाई नुसतीच खिडकीबाहेर बघत, दोन मैत्रिणी मुलांची शाळा सुटेपर्यंत. दोनशे रुपयांत खुर्ची, पंखा आणि कुणाची नजर नाही. मी कॅफेला गुण देते ते यावर. कॉफी त्याच्या नंतर.

याच कसोटीवर मुख्य रस्त्यावरचं, पहिल्या मजल्यावरचं काचेचं कॅफे माझ्या यादीत खाली जातं. दिसायला ते फार सुंदर आहे. वरून रस्ता दिसतो, संध्याकाळचे दिवे दिसतात, फोटो छान येतात आणि माझी भाची तिथल्याच कोपऱ्यातल्या झोपाळ्यावर वाढदिवस करते. पण एसी इतका की मे महिन्यात शाल न्यावी लागते, गाणी इतकी मोठ्यानं की समोरच्याला ओरडून सांगावं लागतं, आणि टेबलं इतकी छोटी की लॅपटॉप ठेवला तर कप मांडीवर. प्लेट उचलायला येणारा मुलगा शेवटचा घास तोंडात असतानाच हात पुढे करतो. चूक त्याची नाही, त्याला वरून तसं सांगितलेलं असतं.

आणि तिथलं बिल. बिल मी वाचतेच, तो माझा धंदा आहे. भाचीनं एकदा विचारलं, "मावशी, कॉफी थंडी होऊन राहिली अन् तू बिल काय वाचून राहिलीस?" तिला जे दाखवलं तेच इथे लिहिते, कारण कुठल्याही कॅफेत हे उपयोगी पडेल. साध्या रेस्टॉरंटच्या खाण्यावर जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. नोव्हेंबर २०१७पासून एसी असो वा पंखा, दर तोच. ज्यांनी कंपोझिशन योजना (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची सोय) घेतलीय ते छोटे कॅफेवाले गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाहीत, आणि तशी पाटी त्यांना दुकानात लावावी लागते. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक हवा. आणि सेवाशुल्क ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्येच सांगितलं की ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. काचेच्या कॅफेत आमच्या बिलात १० टक्के सेवाशुल्क होतं आणि त्या एकूण रकमेवर पुन्हा जीएसटी. मी शांतपणे काढायला सांगितलं. मॅनेजर आले, म्हणाले सगळेच देतात. मी म्हटलं, देणारे देऊ द्या, मी त्या मुलाच्या हातात देईन. काढलं त्यांनी, वाद न घालता. मुलाला मी पन्नास रुपये दिले तेव्हा तो आधी मॅनेजरकडे बघत होता.

बंगल्यातल्या बिलावर सगळं स्वच्छ असतं. ते कंपोझिशनमध्ये आहेत, दाराजवळ पाटी आहे, कराची ओळ नाही.

आता संत्र्याकडे येते, कारण यासाठी तरी बाहेरगावच्या माणसानं धरमपेठेत यावं. गोकुळपेठ बाजाराच्या जवळ, एका शिवणकामाच्या दुकानाला लागून चार-पाच टेबलांचं कॅफे आहे. तिथे हंगामात संत्र्याच्या रसात कॉफी देतात. नाव ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं, आणि इतर बऱ्याच ठिकाणी ते वाकडंच राहतं, कारण तिथे डब्यातला रस ओततात. डब्यातला रस बहुतेक वेळा आपल्या संत्र्याचा नसतो. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट व्हायला लागतो. बियांत आणि पाकळ्यांच्या पापुद्र्यात जे असतं त्यातून लिमोनिन तयार होतं, ते जिभेला कडू लागतं. म्हणून आपलं संत्रं सोलून खावं, किंवा रस काढल्या काढल्या प्यावा.

या छोट्या कॅफेतली मुलगी तेच करते. ऑर्डर दिल्यावर ती टोपलीतून दोन संत्री उचलते, तळहातावर तोलून बघते, एक परत ठेवते, दुसरं घेते. आडवी कापते. सुरीच्या टोकानं दिसतील तेवढ्या बिया काढते. मग हातानं दाबायच्या यंत्रात अर्धं संत्रं ठेवून दांडा हळू खाली आणते आणि साल आवळायला लागली की थांबते. शेवटचा थेंब काढत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तिथून पुढे कडू निघतं." उंच ग्लासात बर्फ, त्यावर रस, साखर नाही. मग एस्प्रेसो चमच्याच्या पाठीवरून सावकाश सोडते, त्यामुळे काळी कॉफी वर राहते आणि खाली केशरी. ढवळू नका. पहिला घोट कडू येतो, मग त्याच घोटाच्या शेवटी आंबट-गोड येतं, आणि नाकात सालीचा वास, कारण ग्लासच्या काठावर तिनं साल पिळलेली असते. दूध यात जमत नाही, फाटतं. दोनशे दहा रुपये. मी आयुष्यभर संत्री खाल्लेली बाई आहे. माझ्याच गावच्या फळाची ही चव मला ठाऊक नव्हती.

हंगाम बघून जा. संत्र्याचे दोन बहार असतात, म्हणजे फुलोऱ्याचे दोन हंगाम. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलच्या आसपास. मृगाची मला जास्त आवडतात, गोडी भरलेली असते. मधल्या महिन्यांत हे पेय मेन्यूवर झाकलेलं असतं, कागदाची पट्टी चिकटवून. ती पट्टी बघून मला त्या कॅफेबद्दल जास्तच आदर वाटतो. नागपूर संत्र्याला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, स्टेशनवर, विमानतळावर, प्रत्येक बर्फीच्या डब्यावर त्याचं चित्र आहे. फळ स्वतः जेव्हा नसतं तेव्हा "नाही" म्हणणारं दुकान मात्र मला हे एकच सापडलं.

तिथून बाहेर पडलं की समोर गोकुळपेठचा बाजार. कॅफेंच्या नादात लोक हा बाजार सोडून जातात याचं मला वाईट वाटतं. थंडीत इथे तुरीच्या शेंगांचे ढीग असतात, सोललेले हिरवे सोले वेगळ्या वाटीत. भरताची हिरवी वांगी, आंबाडीच्या जुड्या, बोरं. बायका भाव करतात, फुलवाले हार ओवतात, आणि बाजूनं दीडशे रुपयांची कॉफी हातात घेऊन पोरं जातात. फळवाल्या मावशींकडे मी त्या पेयानंतर संत्री घेतेच. "घ्या ना बाई, मृगाचे आहेत, गोड निघतीन," म्हणतात, आणि एक फोडून हातात देतात. सैल सालीचं, थोडं ओबडधोबड, देठाजवळ किंचित उंचावलेलं घ्या. फार गुळगुळीत आणि लखलखीत दिसलं तर त्यावर मेण असण्याची शक्यता.

दुकानांबद्दल थोडक्यात. मुख्य रस्त्यावरचे मोठे ब्रँड तुम्हाला कुठेही मिळतील, त्यासाठी इथे येऊ नका. सुगंधी मेणबत्त्या, पाचशेची कानातली, रंगवलेल्या कुंड्या, एकाच ठोक बाजारातून आलेले कुडते: दहा दुकानांत तोच माल, दर तेवढे वेगळे. गल्लीतली स्टेशनरीची दोन जुनी दुकानं चांगली आहेत. अजून शाईच्या दौती आणि लेजरच्या लांब वह्या ठेवतात.

एक दुकान मात्र वेळ काढून बघावं. पहिल्या मजल्यावर, अरुंद जिना, आत गादीवर बसून साड्या बघायच्या. कोसा आणि करवतकाठी. कोसा म्हणजे आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलातलं रेशीम, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचं. करवतकाठीच्या काठाला करवतीसारखे दाते असतात, आणि ते विणायला तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) लागतात: दोन काठांचे, एक अंगाचा. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून पुढे जायचं, म्हणून दिवसभरात कापड फार थोडं सरकतं. दुकानातल्या बाईंनी साडी उलटी करून दाखवली. दात्यांजवळ मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत नव्हते, दोन्ही बाजूंनी दाता तेवढाच स्वच्छ. मग त्यांनी एक यंत्रावरची नक्कल काढून बाजूला ठेवली: समोरून तशीच, पण मागे कापलेल्या धाग्यांची झालर. हात फिरवला की कळतं. खऱ्या कोशाचं सूत थोडं जाड-बारीक असतं, बोटाला लागतं.

त्या साडीची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची होती आणि त्यांनी ती मला कमी लेखून सांगितली नाही. "बघायला येत जा," म्हणाल्या. मी एक कोशाचा दुपट्टा घेतला. सिल्क मार्कचं लेबल, पक्कं बिल. हल्ली "हातमाग" म्हणून काहीही विकतात, तेव्हा बिल मागा आणि साडी उलटी करून बघा, एवढं तरी कराच.

तर्री पोह्यांबद्दल लिहिल्याशिवाय नागपूरचा वाचक सोडणार नाही. दोन-तीन कॅफेंनी ते आता मेन्यूवर आणलेत, मातीच्या रंगाच्या खोल वाडग्यात, एकशे साठ-एकशे ऐंशीला. पोहे मोकळे होते, वरून डाळिंबाचे दाणे होते, जे कुणी मागितले नव्हते. तर्री वेगळ्या छोट्या भांड्यात कोमट आली. तर्री ठेल्यावर उकळत्या पातेल्यातून पोह्यांवर पडते, काळे हरभरे आणि वरचा लाल तवंग एकदम, आणि ती पोह्यांत मुरायच्या आत खायची असते. कोमट तर्रीनं तिखटपणा तेवढा उरतो, चव उरत नाही. सकाळी आठला कुठल्याही चांगल्या ठेल्यावर जा, उभ्यानं खा, चाळीस रुपयांत काम होतं. ही एक गोष्ट अशी आहे की जिला खुर्ची लागत नाही.

आता बंगल्यातल्या त्या तिघा मुलांना, हे वाचलंत तर. मागच्या बाजूच्या बाथरूमची आतली कडी सैल आहे, दार हातानं धरून बसावं लागतं. सुताराला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. व्हरांड्यात चार्जिंगची एकच जागा आहे आणि ती दिवाणाच्या मागे आहे, तिथे एक लांब बोर्ड लावा. केळ्याचा केक बंद करा. आणि भाडं वाढलं, मालकीणबाईंचं वय झालं, वरून कुणी टेबलं वाढवायला सांगितलं, तरी दुपारची ती टेबलं आणि तो पाण्याचा जग राहू द्या. २० तारखेच्या आधी मी येतेय, बरोबर काम शिकायला आलेल्या दोन मुली असतील. खिडकीजवळचं टेबल ठेवा.